मेघसंगणन : जालीय अनुप्रयोगांची उभारणी

मेघसंगणन : स्वतःच्या मालकीचे संगणक न बाळगता दूरच्या केंद्रातील संगणन, संचयन व संदेशवहन यांची क्षमता आंतरजालामार्फत, हवी तेव्हा व हवी तेवढी, वापराच्या प्रमाणात भाडे देऊन घेण्याच्या पद्धतीस मेघसंगणन म्हणतात. संदेशवहनाच्या जाळ्याची आकृती काढताना ज्या भागाची अंतर्गत रचना दाखविण्याचे प्रयोजन नसते, तो भाग ढगाच्या चिन्हाने दर्शविण्याचा अभियंत्यांचा प्रघात होता. त्यावरून ‘क्लाउड’ ही संज्ञा रूढ झाली. नाव असे वायुरूप असले, तरी हे संगणक भक्कम इमारतींत रचलेले असतात. त्यांना अखंड वीजपुरवठा, शीतन, अग्निशमन व पहारा यांची गरज असते. अशा इमारतीस विदाकेंद्र म्हणतात.

ब्राउझरमधून किंवा दूरध्वनिसंचावरून वापरता येणारा व ज्याचा मुख्य भाग दूरच्या संगणकावर चालतो, अशा कार्यक्रमास जालीय अनुप्रयोग म्हणतात. वापरणाऱ्याची मागणी स्वीकारून उत्तर देणारा दूरचा संगणक म्हणजे सेवादायी संगणक अथवा सर्व्हर होय. सातबाराचा उतारा हे याचे परिचित उदाहरण आहे. डिजिटल स्वाक्षरीयुक्त उतारा महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून आंतरजालावर मिळू लागला. भंडारा जिल्ह्यातील तुमसर हे धानाच्या व्यापाराचे व मँगॅनीज खाणींच्या परिसरातील तालुक्याचे ठिकाण आहे. तेथील शेतकऱ्याने पंधरा रुपये शुल्क भरून उतारा मागविला म्हणजे त्याची मागणी सेवादायी संगणकाकडे जाते, तेथे विदासंचयात गट क्रमांक शोधला जातो आणि उतारा त्याच्या पडद्यावर उमटतो. हा संगणक कोणाच्या मालकीचा आहे व कोठे आहे, हे शेतकऱ्यास ठाऊक नसते. मात्र तो बंद पडला, तर कर्जाचा अर्ज त्याच दिवशी अडतो. म्हणून अनुप्रयोग कोठे व कसा उभारावा, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

इतिहास : संगणनाची क्षमता भाड्याने घेण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ साली, वीज अथवा दूरध्वनी यांप्रमाणे संगणनही एक सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असा विचार मांडला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी–३६०० हा मोठा संगणक बसविण्यात आला आणि देशातील अनेक संस्थांची गणिते त्याच्यावर होऊ लागली. त्या काळी छिद्रित पत्रांचे गठ्ठे पाठवून उत्तराची वाट पाहावी लागे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या १९६८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या संस्थेचा आरंभही इतरांना संगणकसेवा पुरविण्यापासूनच झाला. म्हणजे महाराष्ट्राला सामायिक संगणकाचा परिचय मेघसंगणनाच्या कितीतरी आधीपासून आहे.

एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र यंत्रांचा आभास निर्माण करण्याचे तंत्र आयबीएम या कंपनीने १९६० नंतरच्या दशकात विकसित केले व १९७२ साली व्हीएम/३७० या प्रणालीच्या रूपाने ते बाजारात आणले. व्हीएमवेअर (१९९८ मध्ये स्थापना) व झेन (२००३) यांनी हेच तंत्र स्वस्त व सर्वत्र आढळणाऱ्या संगणकांवर आणले. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली प्रथम संचयनाची व नंतर संगणनाची क्षमता भाड्याने देण्यास प्रारंभ केला. गूगलची ॲप एंजिन सेवा २००८ साली, तर मायक्रोसॉफ्टची ॲझ्युअर सेवा २०१० साली सर्वांना उपलब्ध झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रविद्या संस्थेने २०११ मध्ये मेघसंगणनाची व्याख्या प्रसिद्ध केली. मागणीनुसार स्वयंसेवा, जाळ्यावरून व्यापक उपलब्धता, साधनांचे एकत्रीकरण, जलद लवचिकता व मोजमाप केलेला वापर ही पाच लक्षणे तिच्यात सांगितली असून ती आजही प्रमाण मानली जातात.

आभासी यंत्रे व कंटेनर : विदाकेंद्रातील एका प्रबळ संगणकाची स्मृती व प्रक्रियाक्षमता आज्ञावलीच्या साहाय्याने विभागून अनेक आभासी यंत्रे तयार करतात. प्रत्येक आभासी यंत्रावर स्वतंत्र परिचालन प्रणाली असते व भाडेकऱ्याला ते स्वतःचेच यंत्र वाटते. शेजारच्या भाडेकऱ्याची विदा त्याला दिसत नाही. एकाच चाळीतील बिऱ्हाडांची दारे वेगळी परंतु पाया व छप्पर सामायिक असते, तशीच ही व्यवस्था आहे.

कंटेनर हा याहून हलका प्रकार होय. त्यात स्वतंत्र परिचालन प्रणाली नसते. अनुप्रयोग व त्याला लागणाऱ्या उपांगांचा संच एकत्र बांधून सामायिक प्रणालीवर परंतु विलग ठेवून चालविला जातो. डॉकर (२०१३) या साधनामुळे ही पद्धत लोकप्रिय झाली. विकसकाच्या मेजावरील संगणकावर बांधलेला संच विदाकेंद्रातही तसाच चालतो, हा तिचा मुख्य लाभ आहे. शेकडो कंटेनरांची मांडणी, देखरेख व पुनःप्रारंभ आपोआप करणारी कुबेरनेटीस ही प्रणाली गूगलने २०१४ साली खुली केली.

सेवांचे प्रकार : भाडेकरू स्वतःकडे किती काम ठेवतो, यावरून तीन मुख्य प्रकार केले जातात. पहिल्यात केवळ पायाभूत साधने, म्हणजे आभासी यंत्र, संचयन व जाळे एवढीच मिळतात. परिचालन प्रणालीची निगा भाडेकऱ्यानेच राखावयाची असते. दुसऱ्यात तयार मंच मिळतो. भाडेकरू आपली आज्ञावली तेवढी देतो. तिसऱ्यात संपूर्ण सॉफ्टवेअरच सेवा म्हणून मिळते, उदा., आंतरजालावरील टपालसेवा. पहिल्यात स्वातंत्र्य अधिक व श्रमही अधिक असतात. तिसऱ्यात दोन्ही कमी असतात. केवळ मागणी आली म्हणजेच चालणारी व तेवढ्याच क्षणांचे भाडे आकारणारी पद्धतीही २०१४ पासून प्रचारात आहे.

उभारणीचे टप्पे : तुमसरसारख्या ठिकाणच्या एखाद्या भातगिरणीचे उदाहरण घेऊन हे टप्पे स्पष्ट करता येतील. शासनाने आधारभूत किंमतीने खरेदी केलेले धान गिरणीकडे भरडाईस येते व कच्च्या तांदळाच्या बाबतीत एक क्विंटल धानामागे ६७ किग्रॅ. तांदूळ परत करावा लागतो. पोत्यांची संख्या, वजन, ओलावा व परत केलेला तांदूळ यांची नोंद ठेवणारा एक जालीय अनुप्रयोग गिरणीने करवून घेतला, असे समजू. ही नोंद हरवली, तर हिशेबाचा वाद मिटविण्यास आधार उरत नाही; म्हणून उभारणीच्या प्रत्येक टप्प्याला येथे महत्त्व आहे.

(१) आज्ञावलीची प्रत्येक आवृत्ती गिट (२००५) यासारख्या आवृत्तिनियंत्रक साधनात जपून ठेवतात. कोणी, केव्हा व काय बदलले, हे त्यावरून समजते व चूक झाल्यास मागील आवृत्तीकडे परतता येते. संकेतशब्द व गुप्त किल्ल्या मात्र आज्ञावलीत लिहीत नाहीत. त्या स्वतंत्र सुरक्षित ठिकाणी ठेवून अनुप्रयोग सुरू होताना पुरविल्या जातात.

(२) आज्ञावलीची स्वयंचलित चाचणी घेतात. ती उत्तीर्ण झाल्यास कंटेनराचा साचा बांधतात व त्यास क्रमांक देऊन साच्यांच्या कोठारात ठेवतात. एकदा बांधलेला साचा बदलावयाचा नाही, सुधारणा हवी असल्यास नवा बांधावयाचा, असा नियम पाळला जातो.

(३) पुरवठादाराच्या केंद्रांपैकी योग्य भौगोलिक प्रदेश निवडतात. तारेतील प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किमी. असतो. तुमसर ते मुंबई हा तारमार्ग सुमारे ९०० किमी. धरल्यास जाण्यायेण्यास ९ सहस्रांश सेकंद लागतात. सुमारे १३,००० किमी. दूर असलेल्या अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील केंद्रासाठी किमान १३० सहस्रांश सेकंद लागतात. एका पृष्ठासाठी एकामागून एक वीस फेऱ्या झाल्या, तर पहिल्या बाबतीत ०·१८ सेकंद, तर दुसऱ्या बाबतीत २·६ सेकंद एवढा काळ केवळ प्रवासात जातो. मार्गातील उपकरणांचा विलंब याहून वेगळा असतो.

(४) विदासंचय अनुप्रयोगापासून वेगळा ठेवतात. कंटेनर हा केव्हाही टाकून नवा घेता येईल असा असतो. त्याच्या आत ठेवलेली नोंद त्याच्याबरोबरच नष्ट होते. टिकाऊ विदा वेगळ्या संचयनात, टाकाऊ यंत्रणा वेगळी, हा या पद्धतीचा मूळ नियम आहे. नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक हानी तो न पाळल्याने होते.

(५) अनुप्रयोगास नाव देतात. नावावरून संगणकाचा क्रमांक शोधून देणाऱ्या नामप्रणालीत ते नोंदवावे लागते. वाटेत कोणी मजकूर वाचू नये म्हणून प्रमाणपत्राच्या आधारे तो सांकेतिक रूपात पाठवितात. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने २०१५ पासून अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देण्यास प्रारंभ केल्याने लहान व्यावसायिकांचीही सोय झाली. प्रमाणपत्रांची मुदत अल्प असते. नूतनीकरण आपोआप होण्याची तजवीज न केल्यास एखाद्या सकाळी अनुप्रयोग वापरणाऱ्याला धोक्याची सूचना दिसू लागते.

(६) नवी आवृत्ती सुरू करताना जुनी तत्काळ बंद करीत नाहीत. प्रथम थोड्या मागण्या नवीकडे वळवितात, त्रुटी न आढळल्यास सर्व वळवितात. त्रुटी आढळल्यास काही क्षणांत जुनीकडे परत येता येते.

(७) प्रतिसादाचा वेळ, त्रुटींची संख्या, स्मृतीचा वापर यांवर सतत लक्ष ठेवतात व मर्यादा ओलांडताच संबंधितांना सूचना जाते. वरील सर्व रचनेचे वर्णनही मजकुराच्या रूपात लिहून ठेवण्याची प्रथा आता रूढ आहे. हे वर्णन वाचून साधन आपोआप यंत्रे मागविते. त्यामुळे सर्व यंत्रे नष्ट झाली, तरी तीच रचना दुसरीकडे उभारता येते.

भार व खर्च : भाड्याच्या पद्धतीचा मुख्य लाभ बदलत्या भारात दिसतो. गिरणीच्या उदाहरणात हंगामाच्या दोन महिन्यांत आठ यंत्रांची व उरलेल्या दहा महिन्यांत एकाच यंत्राची गरज आहे, असे मानू. स्वतःची आठ यंत्रे घेतल्यास वर्षभरात ९६ यंत्रमासांचा भार सोसावा लागतो. भाड्याने घेतल्यास १६ अधिक १० म्हणजे २६ यंत्रमास पुरतात. म्हणजे भाड्याचा दर मालकीच्या खर्चाच्या साडेतीन पट असला, तरी भाडेच स्वस्त पडते. याउलट, बाराही महिने सारखाच भार असेल, तर दर थोडा अधिक असला तरी मालकी किफायतशीर ठरते. थर्टीसेव्हन सिग्नल्स या अमेरिकन कंपनीने २०२२ मध्ये मेघसेवा सोडण्याचा निर्णय जाहीर करून पुढील वर्षी आपले अनुप्रयोग स्वतःच्या यंत्रांवर आणले, ते याच कारणाने. ‘मेघसेवा स्वस्त की महाग’ या प्रश्नास म्हणूनच एक उत्तर नाही. भाराचा आलेख पाहूनच ते देता येते.

आकस्मिक भाराचे ठळक भारतीय उदाहरण कोविड–१९ च्या लसीकरणाचे आहे. कोविन हा अनुप्रयोग मेघसेवेवर चालत असे. अठरा वर्षांवरील सर्वांसाठी नोंदणी २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता खुली होताच प्रारंभी अल्पकाळ अडथळा आला. तथापि त्याच दिवशी सुमारे १·३ कोटी लोकांची नोंदणी झाली. एवढी यंत्रे एका दिवसासाठी विकत घेणे कोणत्याही शासनास परवडले नसते.

भाड्याच्या हिशेबात काही अदृश्य बाबी असतात. वापर संपल्यावर बंद करावयाचे राहून गेलेले यंत्र भाडे आकारीतच राहते. विदा आत आणण्यास बहुधा शुल्क नसते, बाहेर नेण्यास मात्र असते. परकी चलनातील दर असल्यास रुपयाच्या मूल्याबरोबर खर्चही बदलतो. म्हणून खर्चाची मर्यादा ठरवून तिची सूचना मिळण्याची व्यवस्था पहिल्याच दिवशी करतात.

विश्वसनीयता : वर्षातून ९९·९ टक्के काळ चालू राहण्याची हमी म्हणजे सुमारे पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा, ९९·९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे. प्रत्येकी ९९ टक्के विश्वसनीय अशी दोन केंद्रे समांतर ठेवली, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक एवढीच उरते. मात्र दोहोंच्या बिघाडाची कारणे परस्परांपासून स्वतंत्र असली, तरच हे गणित खरे ठरते. एकाच उपकेंद्रावरून वीज घेणाऱ्या दोन केंद्रांस ते लागू पडत नाही.

फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील ओव्हीएच कंपनीचे एक विदाकेंद्र १० मार्च २०२१ रोजी आगीत भस्मसात झाले. ज्यांच्या राखीव प्रतीही त्याच आवारात होत्या, अशा ग्राहकांची विदा कायमची गेली. ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील संचयनसेवेत २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एका आज्ञेतील चुकीमुळे प्रमाणाबाहेर यंत्रे बंद झाली व असंख्य संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगलवरील संपूर्ण रचना मे २०२४ मध्ये पुरवठादाराकडील चुकीने पुसली गेली. अन्य पुरवठादाराकडेही राखीव प्रत ठेवलेली असल्याने ती परत उभारण्यास मदत झाली. या तिन्ही घटनांचा बोध एकच आहे : किमान एक राखीव प्रत दुसऱ्या ठिकाणी व दुसऱ्याच्या ताब्यात असावी आणि ती परत वापरात आणून पाहण्याचा सराव वेळोवेळी करावा. जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही, तिला राखीव प्रत म्हणता येत नाही.

सुरक्षा व कायदा : इमारत, वीज व यंत्रे यांची सुरक्षा पुरवठादार पाहतो, आज्ञावलीतील दोष, संकेतशब्द, कोणाला कोणता अधिकार द्यावयाचा, ही जबाबदारी भाडेकऱ्याकडेच राहते. यास सामायिक उत्तरदायित्व म्हणतात. विदा उघडी पडण्याच्या अनेक प्रकरणांत कुलूप तोडलेले नसते, ते लावलेलेच नसते. सर्वांना वाचता येईल अशा रीतीने ठेवलेला संचय किंवा चुकून प्रसिद्ध झालेली गुप्त किल्ली हे त्याचे कारण असते.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देयकव्यवहारांची विदा भारतातच साठविण्याचे बंधन घातले. संगणकीय आणीबाणी प्रतिसाद दलाने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे आवश्यक आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ या कायद्याने विदेच्या रक्षणाची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. तिच्यावरील प्रक्रिया अन्य संस्थेकडून करवून घेतल्याने त्यास ती टाळता येत नाही.

महाराष्ट्रातील स्थिती : समुद्राखालील तारा मुंबईच्या किनाऱ्यास लागत असल्याने व मोठे ग्राहकही तेथेच असल्याने मुंबई–नवी मुंबई परिसरात भारतातील विदाकेंद्रांचे सर्वांत मोठे केंद्रीकरण झाले आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे व मुंबई येथे (तसेच चेन्नई येथे), ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे व गूगलने २०१७ मध्ये मुंबई येथे आपले प्रदेश सुरू केले. नाशिक येथे मुख्यालय असलेली ईएसडीएस (२००५ मध्ये स्थापना) ही या क्षेत्रातील देशी कंपनी आहे. केंद्र शासनाने ‘मेघराज’ या नावाने शासकीय मेघसंगणनाचा उपक्रम हाती घेतला असून राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रामार्फत २०१४ पासून त्याची सेवा मिळते. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक मेघसेवेच्या वापराचे धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य होय.

विदाकेंद्रे महानगरांत असली, तरी उपयोगाची अखेरची कडी गावातच असते. विदाकेंद्राची विश्वसनीयता कितीही असो, तुमसर परिसरातील खरेदी केंद्रावर वीज गेली किंवा गावाकडील तार तुटली, तर तेथील नोंद थांबते. यासाठी नोंद प्रथम स्थानिक उपकरणात साठवून जोडणी येताच पाठविणारी रचना ग्रामीण भागातील अनुप्रयोगांत इष्ट ठरते.

परावलंबन : एखाद्या पुरवठादाराच्या खास सेवांवर अनुप्रयोग जितका विसंबतो, तितके त्यास सोडून जाणे कठीण होते. खुल्या मानकांवर आधारलेला विदासंचय, कंटेनर व लिखित स्वरूपातील रचनावर्णन यांमुळे ही अडचण कमी होते. युरोपीय संघाच्या सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या विदा कायद्याने पुरवठादार बदलण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य केला आहे. भाड्याच्या घरात जाताना करारात घर सोडण्याची अट पाहून घ्यावी लागते, तसेच येथेही आहे. विदा कोणत्या स्वरूपात, किती मुदतीत व किती खर्चात परत मिळेल, हे उभारणीपूर्वीच ठरविणे आवश्यक असते. मेघसंगणनात यंत्रे, जागा व वीज भाड्याने मिळतात. ज्याच्या नोंदी आहेत त्या शेतकऱ्याला किंवा ग्राहकाला उत्तर देण्याची जबाबदारी मात्र अनुप्रयोग चालविणाऱ्याकडेच राहते.